मलप्पाचा संशय

हिमायतनगर
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

लाकडी पट्टीनं जोडपानं फाडल्याचा आवाज तू कधी ऐकला नसशील. आमच्या लहानपणी काही पुस्तकं कडा न कापताच छापखान्यातून यायची. पानं एकमेकांना धरून बसलेली. औशाच्या शाळेत धोंडप्पा गुरुजी खिडकीपाशी उभे राहून त्या पानांत पट्टी सारायचे आणि सावकाश खाली ओढायचे. खर्रर्र. त्या आवाजासरशी वर्ग असा गप्प व्हायचा, की बाहेर लिंबावरच्या साळुंक्यांचा कालवा तेवढा उरायचा. रोज वाचून दाखवायची तेवढीच पानं गुरुजी मोकळी करत. पुढची उद्यापर्यंत मिटलेली. तुझे सासरे माझ्याच बाकावर बसत. एकदा मधल्या सुट्टीत ते मिटल्या पानांच्या फटीला डोळा लावून बसले होते, तेवढ्यात गुरुजी आले. मारलं नाही. म्हणाले, "विरुप्या, उद्या ये की. जो उद्या येतो त्यालाच पुढचं पान."

आता मला दारातली मोटारसायकल ऐकू येत नाही. फोन तर नाहीच. कुणी बोललं की कानात नुसती गिरणी चालल्यासारखं होतं. पण तो पट्टीचा आवाज येतो. तुझं पत्र वाचून खाली ठेवलं तेव्हाही आला.

विरूपाक्षच्या किडन्या गेल्या हे मला दसऱ्याला कळलं होतं. पण डायलिसिसच्या मशीनला कंटाळून त्यानं 'पुरे आता' म्हणावं, दोनदा दवाखाना चुकवावा, आणि श्वास अडकला म्हणून संगमेश्वरनं बापाला उचलून न्यावं, हे माहीत नव्हतं. मशीन बंद केलं तर पंधरवडासुद्धा निघणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेही तू लिहिलंस. आणि खाली एवढंच, की "काका, ते चार तास छताकडं बघत पडतात. एखादं असं पुस्तक सांगा, की ज्याच्यासाठी ते पुढच्या वेळी येतील."

पोरी, शाळेत मास्तरकी करता करता मी हे वाचनालय चालवलं, निवृत्त झाल्यावरही चालवलं. लोकांनी माझ्याकडं झोप येईल असं पुस्तक मागितलं, नवरा दारू सोडील असं मागितलं. असं कुणी मागितलं नव्हतं. मला 'शेषा', 'शेष्या' म्हणणारा जगात तो एकटाच उरला आहे.

तर ऐक. त्याला पोथी देऊ नकोस, थोरामोठ्यांची चरित्रं देऊ नकोस. आजाऱ्याच्या उशाशी पोथी ठेवली की घरच्यांनी काय गृहीत धरलंय ते तो लगेच ओळखतो. अशा वेळी दोनच प्रकार चालतात, रहस्यकथा आणि जनावरांच्या गमतीची पुस्तकं. रहस्यकथा माणसाला उद्यावर टांगून ठेवते आणि जनावराची गोष्ट आजचा दिवस निभावून नेते. माणसांच्या विनोदाला आजारी माणूस हसत नाही, त्याला वाटतं आपल्यालाच हसायलेत. शेळीला हसायला हरकत नसते.

म्हणून 'पिवळी छत्री' ही डाकबंगल्यातल्या खुनाची कादंबरी, आणि सोबत 'समन्स खाणारी शेळी'. 'पिवळी छत्री'ची शेवटची सोळा पानं सापडणार नाहीत, घाबरू नकोस. ती मीच उसवून पाकिटात ठेवली आहेत. आमच्या वाचनालयाची ती रीत. शेवटी गुलाबी चिठ्ठ्या डकवल्या आहेत, काही जुन्या वाचकांच्या सह्यांच्या, काही कोऱ्या. वाचकानं कोऱ्या चिठ्ठीवर 'माझा संशय' म्हणून खुन्याचं नाव लिहायचं, सही करायची, मगच त्याला पाकीट. नुसतं 'शेवट द्या' म्हणणाऱ्याला मी कधी दिलं नाही. या रीतीवर अख्ख्या गावानं वाचन केलं.

विरूपाक्षला सांग, पाकीट शेष्याकडं आहे.

तुझा
शेषकाका


लातूर
२६ जानेवारी

ती. शेषकाकांना सा. न.

पुस्तकं एसटीच्या पार्सलनं पोचली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, अप्पांनी हात लावला नाही. म्हणाले, "शेषाला म्हणावं, मी इथं मरायलोय, तू दुसऱ्याचे खून कशाला धाडतोस." शेळीच्या पुस्तकावर पाण्याचा तांब्या ठेवला.

मंगळवारी यांनी त्यांना जवळजवळ दंडाला धरूनच नेलं. मशीन लागल्यावर अप्पांनी डोळे मिटले. मग मीच 'पिवळी छत्री' काढून मोठ्यानं वाचायला लागले. शेजारच्या खाटेवर निलंग्याकडचे एक शेतकरी असतात, मलप्पा मामा. ते म्हणाले, "बाई, जरा इकडं तोंड करून वाचा. ह्यांना नको असंल तर मला पायजे." मी वाचत गेले. डाकबंगल्यात प्रेत सापडतं तिथं आले तेव्हा अप्पांनी एक डोळा उघडला.

"पंचनामा वाचायलीस का? माणूस मेलाय तिथं जरा थांबावं की न्हाई?"

मी म्हटलं, मग तुम्हीच वाचा. एका हातात सुया, दुसऱ्या हातात पुस्तक, पानं मी उलटायची, असं त्यांनी मोठ्यानं वाचलं. चार तास कधी संपले कळलं नाही. जाताना मलप्पा मामा म्हणाले, "अप्पा, गुरुवारी या बरं का. न्हाईतर माझं अडतंय."

गुरुवारी आले.

शनिवारी शेळी काढली. शेळी कचेरीत शिरते आणि चष्मा फुटलेला कारकून तिला नवे साहेब समजून उठून उभा राहतो, तिथं मलप्पा मामा इतके हसले की हात हलला आणि मशीन कोकलायला लागलं. आरती सिस्टर पळत आल्या. म्हणाल्या, "हे काय हसायचं वॉर्ड आहे का?" अप्पा म्हणाले, "मग कशाचं हाय ते पाटीवर लिवा." मग मलप्पा मामांनी हळूच मला विचारलं, "रेड्यावर पुस्तक न्हाई का वो तुमच्या काकाकडं? शेळी म्हंजे बाईमाणसाचं जनावर."

हे सगळं चांगलं लिहिलं. आता दुसरं लिहिते. घरी आले की अप्पा भिंतीकडं तोंड करतात. भाकरी चिवडतात आणि ताट सरकवतात. काल यांना म्हणाले, "एवढा खुनी कळू द्या. मग मला नेऊ नका." हे गमतीनं म्हणाले असं यांना वाटतं. मला तसं वाटलं नाही. मी त्यांच्या दाराबाहेर उभी राहून श्वास ऐकत असते. काका, पुस्तक संपू देऊ नका.

आपली
मंजुश्री


हिमायतनगर
१ फेब्रुवारी

प्रिय विरूपाक्ष,

तू डोळा उघडलास हे कळलं. एकच उघडलास तरी चालेल.

कालच वाचनालयात तुझा विषय निघाला होता. आमचा बजरंग पोस्टमन आला होता, पिशवी खांद्यालाच. त्याला म्हटलं, लातूरचा माझा मित्र 'पिवळी छत्री' वाचायलाय. तो म्हणाला, "त्यांना सांगा सर, मेलेला माणूस मेलेलाच नाही." बजरंगचा प्रत्येक पुस्तकात हाच संशय असतो. जो मेला तो मुळात मेलेला नाही, दुसऱ्या गावी मजेत आहे. आजवर एकदाही बरोबर आला नाही, आणि एकदाही त्यानं मत बदललं नाही. जुन्या चिठ्ठ्यांत बघ, त्याची सापडेल. तिच्या वरची ग्रामसेवकाच्या बायकोची आहे. ती बाई नेहमी जावयावर संशय घ्यायची. तिचा जावई सरळ माणूस होता रे.

सोबत 'रेड्याची वरात' पाठवतो, मलप्पांसाठी. यातला रेडा नवरदेवाचा घोडा पळून गेल्यावर वरातीत घुसतो. सावकाश वाचा, मशीनला त्रास होईल असं हसू नका.

परवा पहाटे आपल्या गुरुजींची ती बाभळीची कविता अचानक सबंध आठवली. कुठं छापून आली नाही ती, आपल्या वर्गापुरतीच होती. तू पाठ म्हणताना नेहमी दुसऱ्या ओळीला अडायचास आणि मी मागून पुरवायचो:

ओढ्याकाठी बाभूळ वेडी,
सावली तिची थोडी थोडी;
तेवढ्यातही बसती गुरे,
तेवढ्यातही जमते गोडी.

विरुप्या, तेवढ्यात बस ना. थोडीच आहे, पण आहे.

पाकीट माझ्याकडं जपून आहे. संशय लिहून पाठव. घाई करू नकोस.

तुझा
शेष्या


लातूर
१२ फेब्रुवारी

शेषा,
शरणार्थ.

कविता पोचली. तू साठ वर्षांत काही सुधरला न्हाईस.

तुझ्या बजरंगाला सांग, मेलेला माणूस मेलेलाच असतो. मी आडतीत जन्म काढला, भाव कसा बोलतात अन् माणूस कसा बोलतो ते मला कळतं. माझा संशय डॉक्टरवर. पहिल्यापासून गोड बोलायलाय. दर खेपेला 'दोन मिनिटं फक्त' म्हणून चार तास काढणारी जात हाय ती. आरती सिस्टरनं हे ऐकलं, आता माझ्याशी बोलत न्हाई.

मलप्पाचा संशय स्वयंपाक्यावर. का, तर म्हणतो, "ज्याच्या हातात आपलं अन्न हाय त्याला कुणी बघत न्हाई. म्हणून त्याला बघावं." ह्यावर आमचं वाजलं. तो निलंग्याचा शेतकरी आन् मी लातूरचा आडत्या, आवाज काही कमी न्हाई. पलीकडच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं मिळूनच खून केला असंल.

रेड्याचं पुस्तक वाचून झालं. मलप्पा म्हणतो रेडा बराबर लिवलाय, नवरदेव बराबर न्हाई.

मशीनला मी उगं जायलोय. मलप्पा वाट बघतो म्हणून. नंतरचं नंतर बघू. दोघांच्या चिठ्ठ्या धाडायलोय. मलप्पानं सही करायला लई वेळ घेतला, हात सुजलाय त्याचा.

विरूपाक्ष

ता. क. काका, अप्पांनी हे पत्र मला टाकायला दिलं, शेजारीच बसलेत. मलप्पा मामांना घाई आहे. पाकीट लगेच पाठवा. — मंजुश्री


हिमायतनगर
२० फेब्रुवारी

प्रिय विरूपाक्ष,

दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. किती दिवसांनी ताज्या शाईच्या सह्या हातात आल्या. मलप्पांची सही मी भिंगातून पाहिली. वळणदार आहे, 'प्प'ला जरा अडखळलेत.

तू डॉक्टर लिहिलंस यात मला काही नवल वाटलं नाही. पण मलप्पांसारख्या अनुभवी माणसानं स्वयंपाक्यावर थांबावं? स्वयंपाक्यावर तर पहिल्या प्रकरणात कुणीही संशय घेईल. म्हणून त्यांची चिठ्ठी परत पाठवतो आहे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पुन्हा एकदा विचार करा. मेव्हणीचं घड्याळ, ओली छत्री, कुत्र्याचं न भुंकणं, सगळं पुन्हा वाचा. मग पाकीट. घाई कशाला हो, आमच्या गावात एका बाईंनी संशय लिहायला एक अख्खा पावसाळा घेतला होता.

मंजुश्री, तुझी घाई कळली. वाचक घाई करायला लागला की समजावं पुस्तक लागू पडलं. पण तूच लिहिलं होतंस ना, संपू देऊ नका.

बजरंग विचारत होता, लातूरकर माझं मत मानतात का. मी म्हटलं, अजून नाही.

तुमचा
शेषेराव


लातूर
गुरुवार, २७ फेब्रुवारी

ती. शेषकाका,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, वेळ नाही. फोटो काढून तुमच्या शेजारच्या तनुजाच्या फोनवर पाठवते. ती तुम्हाला दाखवेल.

मलप्पा मामा रविवारी गेले. घरीच, दुपारी.

मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांच्या खाटेवर नवी चादर होती आणि दुसरा कुणी पेशंट झोपला होता. अप्पांनी आरती सिस्टरना विचारलं, "आज मलप्पाला उशीर झाला का?" त्यांनी मान खाली घातली. अप्पा उलट्या पावली बाहेर आले, रिक्षात बसले. घरी आलो तर तुमचं पत्र दारात पडलेलं. अप्पांनी तिथंच उभ्यानं वाचलं. 'पुन्हा एकदा विचार करा' हे त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग मलप्पा मामांची परत आलेली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

तेव्हापासून ते गेले नाहीत. आजही गेले नाहीत. हे रडले, पाया पडले. अप्पा म्हणतात, "तो अर्ध्यावर गेला. मला का पुरं पाहिजे?" पाय सुजून हंड्यासारखे झालेत. आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून खुर्चीत बसून असतात. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पण चार दिवसांनी आणाल तर आणू नका.

मामांचं काय होतं ते मी तुम्हाला आधी लिहायला हवं होतं. त्यांचं हृदय थकलंय हे सिस्टरनी मला सांगितलं होतं, अप्पांना नाही. अप्पा पत्र वाचणार, म्हणून मी नुसतं 'घाई आहे' एवढंच लिहिलं.

काका, काही तरी करा. कोणतंही पुस्तक सांगा.

मंजुश्री


हिमायतनगर
१ मार्च

विरूपाक्षा,

तनुजानं मोबाईलवर अक्षर मोठं करून मला मंजूचं पत्र वाचायला दिलं. मी तिला म्हटलं, हे पुसून टाक. मग म्हटलं, नको, राहू दे.

एक माणूस माझ्याकडं शेवटची सोळा पानं मागत होता आणि मी त्याच्या सहीचं वळण भिंगातून बघत बसलो. का ते सांगतो, माफी म्हणून नाही. तू म्हणाला होतास, खुनी कळला की मला नेऊ नका. तुला अडवायचं म्हणून मी त्याला अडवलं. मला वाटलं, पाकीट माझ्याकडं आहे तोवर कुणी कुठं जात नाही. मी आयुष्यभर हेच समजत आलो.

काल सकाळी तुझ्याकडं यायला निघालो होतो. माझ्या कानाच्या दुखण्यानं तोल जातो हे तुला माहीत आहे. भोकरच्या अलीकडं बस वळली आणि सगळं आभाळ फिरलं. मी दोन सीटांच्या मधे बसलो, ओकलो. कंडक्टरनं उतरवून रसवंतीच्या बाकावर निजवलं आणि परतीच्या गाडीत घातलं. मी त्याला सांगत होतो की लातूरला माझा माणूस आहे. तो काहीतरी बोलला. चांगलंच बोलला असावा, माझ्या खांद्यावर हात होता त्याचा. मला ऐकू आलं नाही.

आता आणखी एक. वाचनालय नाही. गेल्या पाडव्याला खोली गेली, तिथं मोबाईलचं दुकान आहे. पुस्तकं माझ्या पलंगाखाली आणि पोत्यात. बजरंग कोरोनात गेला. त्याचं बोलणं मी जुन्या चिठ्ठ्यांवरून आठवून तुला लिहीत होतो, तुला भांडायला कुणी असावं म्हणून. वर्षभरात माझ्याकडून पुस्तक नेणारे तुम्ही दोघंच होतात. बजरंगही एका दुसऱ्या पुस्तकाच्या अर्ध्यावरच गेला होता. त्याचं पाकीट अजून आहे. तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. उलट मला ते सुंदर वाटलं. असल्या गोष्टी मला सुंदर वाटतात, हेच माझं आयुष्यभराचं चुकलं.

आज सगळी पाकिटं फोडली. खळ शिजवली आणि पानं ज्याच्या त्याच्या पुस्तकात चिकटवली. फक्त 'पिवळी छत्री'ची पानं सुटी ठेवून या पत्रासोबत धाडतो आहे. तनुजाचा भाऊ नांदेडला लातूरच्या गाडीत देईल. चिठ्ठी नको, सही नको, संशय नको. वाच किंवा चुलीत घाल.

मंजू म्हणते कोणतंही पुस्तक सांगा. पलंगाखालची सगळी पुस्तकं बाहेर काढून बसलो होतो. एकही असं नाही की जे हातात देऊन म्हणावं, हे घे आणि जग. तुला लिहायला कवितासुद्धा आठवेना. मी नुसता मागतो आहे, विरुप्या. मशीनवर जा.

शेष्या


लातूर
रविवार, २ मार्च

शेषा,

थांबून थांबून लिवायलोय. दोन ओळी झाल्या की खुर्चीत टेकावं लागतं.

तुझं पार्सल सकाळी आलं. बजरंग मेलेला हाय हे वाचून मला तुझ्यापेक्षा जास्त राग त्याचा आला. इतके दिवस मी मेलेल्या माणसाशी भांडत होतो, आन् तो बी म्हणत होता की मेलेला मेलेला नसतो. हसलो. हसताना छातीत कळ आली.

तुझ्यावर राग हाय. खोटं बोलत न्हाई. पण तू भोकरपर्यंत आलास ते वाचून पोरगा माझ्या तोंडाकडं बघायला लागला, म्हणून मी पत्र तोंडाआड धरलं.

पाकीट उघडलं न्हाई. उघडणार न्हाई. मी एकट्यानं शेवट वाचायचा आन् तो स्वयंपाकी स्वयंपाकी करत गेला, हे मला जमणार न्हाई. मशीनचं बी ठरलंय. मंजूला सांगितलंय, आता ओढू नका. तिच्यावर बोल ठेवू नकोस, पोरगी सोन्यासारखी हाय. तुला हे शेवटचं म्हणून

दार वाजायलंय. मंजू मागं धुणं घालायलीय. तूच आलास का काय, असं मनात आलं. म्हातारा दुसऱ्या गाडीनं निघाला असंल. उठून बघतो.

~

परत लिवायलोय. तू न्हवतास.

दारात एक बाई उभी. डोक्यावर पदर, हातात पिशवी, कपाळावर विभूती, कुंकू न्हाई. चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या. म्हणाली, "विरूपाक्ष अप्पा तुम्हीच का? दवाखान्यातल्या आरतीबाईनं पत्ता दिला. मी गंगम्मा. मलप्पांची."

मी चौकटीला धरून उभा. तिनंच मला धरून खुर्चीत बसवलं, जसं काही घर तिचं हाय. आठ दिवस झाले न्हाईत नवरा जाऊन. म्हटलं, "बाई, तुम्ही घर सोडून कशाला आलात? लोक काय म्हणतील?"

"म्हणायलेत की. दीर म्हणायलाय, जाऊ म्हणायलीय. म्हणू द्या. मला एक इचारायचं हाय. त्या डाकबंगल्यात कुणी मारलं?"

शेषा, मलप्पा घरी जाऊन तिला सगळं सांगायचा. ती भाकरी थापायची, हा चुलीसमोर बसून डाकबंगला सांगायचा. रेड्याची वरात सुद्धा सांगितली. ती म्हणाली, "त्यांनी स्वयंपाक्याला धरलं हुतं. मी म्हणले, न्हाई, ती मेव्हणी हाय. घड्याळाचं खोटं बोलली ती. तर मला म्हणाले, तू रांधणारी, म्हणून रांधणाऱ्याची बाजू घेतीस. मला राग आला. शनिवारी रात्रीपासून मी बोलले न्हाई. रविवारी सकाळी भाकर वाढली, पर बोलले न्हाई. मला वाटलं, संध्याकाळी बोलू." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ते बरोबर असतील तर मला तसं सांगा. मी तसं त्यांना म्हणीन. पर खरं काय ते पायजे."

मी मंजूला हाक मारली, पाकीट आण म्हटलं. फोडलं. चष्मा लावून वाचायला लागलो. पहिल्या पानावर सगळे दिवाणखान्यात जमतात. तीन ओळी वाचल्या. चौथीला दम तुटला. मंजू म्हणाली, अप्पा, द्या, मी वाचते. गंगम्मा म्हणाली, "न्हाई. अप्पांच्याच तोंडून. घरी यायचे तेव्हा ते अप्पांच्या आवाजात सांगायचे."

पुन्हा वाचलं. पुन्हा तुटला. छातीत पाणी भरलंय, शेषा, माझ्याच्यानं अर्धं पान बी व्हईना.

बाई उठली न्हाई. माझे पाय बघितले. असे पाय तिनं कधीपासून बघितलेत. म्हणाली, "मशीन लागल्यावर तिसऱ्या तासाला श्वास मोकळा व्हतो. त्यांचा व्हायचा. चला, तिथं वाचा. मी खाली बसते खाटेपाशी. शेवटची गाडी गेली तरी चालंल, मी पुरं ऐकल्याबिगर जाणार न्हाई."

पोरगा रिक्षा आणायला गेलाय. मंजू माझा सदरा शोधायलीय आन् रडायलीय, दोन्ही एकदम, म्हणून सदरा सापडंना. दवाखाना रविवारी बी घेतो म्हणे, तातडीचं असलं तर. घेतील का न्हाई, वाचीन का न्हाई, काही माहीत न्हाई.

पानं गंगम्माजवळ दिलीत. तिला वाचायला येत न्हाई, म्हणून रस्त्यात ती शेवट बघणार न्हाई, एवढा भरवसा हाय. ती उंबऱ्याच्या आत उभी हाय, पानं पदराखाली धरून. मला म्हणायलीय, पत्र नंतर लिवा.

विरूपाक्ष